साष्टीचा पाऊस आणि त्याची मोजदाद

इंग्रजीत ‘स्लीट’ असा एक शब्द आहे. इंग्लंडात त्याचा अर्थ पाऊस आणि हिम यांची मिसळ. अर्धवट वितळलेले ओले हिम पडते ते. अमेरिकेत मात्र त्याच शब्दाने पावसाचे थेंब वाटेत गोठून जे बारीक टणक कण खाली येतात ते समजतात. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही देशांचे लोक आपलाच अर्थ खरा असे मानून चालतात. मराठीत यांपैकी एकालाही घरगुती शब्द नाही, आणि त्याबद्दल खंत करण्याचेही कारण नाही. ज्या गोष्टीशी रोजचा संबंध येतो तिलाच भाषा नावे देते. आमच्याकडे भुरभुर वेगळी, रिमझिम वेगळी. सर येते आणि जाते, झड लागली की हटत नाही, संततधार दिवस मोजते आणि मुसळधार काही मोजत नाही. वैशाखातला वळीव निराळा आणि आगोटीच्या तोंडावरचा मृग निराळा. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, आणि हस्ताचा तर सोंडेनेच पाणी ओततो. भाताच्या खाचरात उभे राहून ज्यांनी आवण लावली त्यांची ही शब्दसंपत्ती आहे. त्यांना स्लीटशी काय करावयाचे होते?

परंतु एक चमत्कारिक गोष्ट आहे. ज्याला आम्ही नाव दिले नाही ते अर्धवट वितळलेले हिम अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली यांच्यावर दर पावसाळ्यात पडत असते. ते आपल्या डोक्यावर सुमारे पाच किलोमीटर उंचीवर पडते आणि जमिनीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच. ही गोष्ट कळण्यास मनुष्यजातीस विसावे शतक उजाडावे लागले. ती कशी कळली, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून या साष्टी बेटावरचा पाऊस लोकांनी कसा साठविला, कसा मोजला आणि कसा मोजावयाचा राहिला, त्याची ही हकीकत आहे.

साष्टीच्या पावसाचा सर्वांत जुना हिशेब कागदावर नाही, दगडात आहे. बोरिवलीच्या पूर्वेस कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व काळापासून पुढे सुमारे हजार वर्षे तेथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. लेणी पाहावयास येणारे लोक चैत्यगृहातील भव्य बुद्धमूर्ती पाहतात आणि परततात. आमच्या मते त्यांनी लेण्यांच्या दाराशेजारी खाली वाकून पाहावे. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणात कातळ खोदून पाण्याचे टाके केलेले आहे. वरच्या उतारावर बारीक चर मारून पागोळ्यांचे पाणी त्यात आणून सोडले आहे. प्राकृत शिलालेखांत या टाक्यास ‘पोढी’ म्हणतात, आणि अमक्या व्यापाऱ्याने, तमक्या गृहस्थाने लेणे व पोढी दान दिली असे लेख तेथे कोरलेले आहेत. म्हणजे भिक्षूला निवारा देणे आणि त्याला आठ महिने पुरेल इतका पाऊस साठवून देणे ही एकाच दानाची दोन अंगे होती. टाके खोदणाऱ्याला किती पाणी येते आणि किती दिवस पुरते याचा अंदाज असल्यावाचून हे काम होत नाही. त्याने तो आकडा लिहून ठेविला नाही, पण टाक्याच्या मापात तो आहे.

लिहून ठेवणारे दुसरीकडे होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीखात्याच्या अधिकाऱ्याला पाऊस मोजण्याविषयी सूचना आहेत. कोठारापाशी हातभर तोंडाचे भांडे ठेवावे आणि त्यात साठलेले पाणी द्रोण या मापाने मोजावे, असा तो प्रकार. कोरड्या देशात इतके द्रोण, पाणथळ देशात इतके, अश्मकात इतके, अवंतीत इतके असे आकडे देऊन झाल्यावर ग्रंथकार अपरान्ताकडे, म्हणजे आपल्या कोकणाकडे वळतो, आणि तेथे त्याची मापे संपतात. अपरान्ताचा पाऊस अमित, असे तो सांगतो. मौज अशी की या ‘अमित’ सदरात कोकणाच्या जोडीला त्याने हिमाच्या प्रदेशाला बसविले आहे. त्याच्या मनात काय होते ते त्यालाच ठाऊक. पण धो धो पाऊस आणि हिम हे दोन शेजारी त्याने एका वाक्यात आणले, ते पुढील हकीकत पाहता फारसे चुकले नाही. पुढे वराहमिहिरानेही बृहत्संहितेत पर्जन्यमापनाचे कुंड सांगितले. कोरियाच्या राजाने १४४१-४२ च्या सुमारास सबंध राज्यात एका मापाची पर्जन्यपात्रे वाटून नोंदी मागविल्या. कोकण मात्र अमितच राहिले, ते पुढची कित्येक शतके.

कंपनी सरकारने कुलाब्यास वेधशाळा बांधली ती १८२६ साली. तिचा पहिला हेतू पाऊस नव्हे. जहाजांना वेळ बिनचूक हवी होती आणि त्यासाठी आकाशातील तारे पाहावयाचे होते. नियमित चुंबकीय आणि हवामानविषयक वेध सुरू झाले १८४१ साली. एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक ऑर्लेबार हे त्याचे प्रमुख. या वेधशाळेच्या इतिहासात दोन मराठी नावे आहेत आणि ती शालेय पुस्तकांत दुसऱ्याच कारणांसाठी येतात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ वेधशाळेचे काम पाहिले. आणि अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे केरूनाना म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक झालेले गणिती, हे मिसरूडही न फुटलेल्या वयात तेथे वेधांच्या कामावर रुजू झाले आणि सुमारे दहा वर्षे राहिले. ठरल्या तासाला यंत्राशी जावे, आकडा वाचावा, लिहावा, पुन्हा पुढल्या तासाला जावे. रात्र असो, आषाढ असो. १८६० साली छापलेल्या ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ या ग्रंथामागे जी चिकाटी दिसते तिची तालीम कुलाब्याच्या या तासागणिक नोंदींत झाली असावी असे आम्हांस वाटते. विजेच्या ट्रामगाड्यांची चाहूल लागताच त्यांच्या प्रवाहाने लोहचुंबकाची यंत्रे बिघडतील म्हणून १९०४ च्या सुमारास चुंबकीय विभाग अलिबागेस हलविण्यात आला. तेव्हा संचालक होते नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस, त्या पदावरील पहिले हिंदी गृहस्थ. केरूनानांच्या गावाशेजारीच वेधशाळेने बिऱ्हाड केले, हा योगायोग सुखावणारा आहे.

पर्जन्यमापक कुलाब्यासच राहिला, आणि येथेच आमच्या विषयाची खरी अडचण सुरू होते. कुलाबा म्हणजे मुंबईचे दक्षिण टोक. तीन बाजूंस समुद्र, डोंगर नाही, जमीन सपाट. त्या टोकावरच्या एका पात्रात जे पाणी जमे ते ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून वर्तमानपत्रात येई, सरकारी अहवालात जाई आणि जगाच्या कोष्टकांत बसे. शंभर वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालला. उत्तरेकडील साष्टी तेव्हा मुंबई नव्हतीच. ती एक निराळा तालुका होती आणि तिची कचेरी ठाण्यास होती. अंधेरी, घाटकोपर हा भाग १९५० साली आणि बोरिवली, मुलुंड हा भाग १९५७ साली बृहन्मुंबईत आला. गावे शहरात आली, पण शहराच्या पावसाची कल्पना कुलाब्याचीच राहिली.

साष्टीच्या डोंगरात पाऊस अधिक पडतो हे शहराला ठाऊक नव्हते असे मात्र नव्हे. तहानेने ते शिकविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या विहिरी आणि तलाव पुरेनासे झाले, १८५४ साली टंचाई विकोपास गेली, आणि हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे विहारचा तलाव बांधावयास घेण्यात आला. १८५६ मध्ये काम सुरू झाले, १८६० मध्ये संपले. मागाहून १८७९ साली तुळशी, आणि १८९० च्या सुमारास पवई. तलावाची भिंत किती उंच घ्यावी हे ठरवावयाचे तर डोंगरावर किती पाऊस पडतो हे पाहावेच लागते. म्हणून तलावांवर पर्जन्यमापक आले. समुद्रावरून आलेला ओला वारा साडेचारशे मीटरांच्या आसपास उंचीच्या या डोंगरांना अडतो, थोडा वर उचलला जातो, थंड होतो आणि ओझे टाकतो. सह्याद्रीवर हेच मोठ्या प्रमाणावर घडते. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो आणि घाटाच्या पलीकडे पुण्यास सातशेच्या घरात. साष्टीचे डोंगर सह्याद्रीपुढे पोर, पण पोराचाही हात लागतोच. असे असूनही तलावांचे आकडे पाणीखात्याच्या वह्यांत राहिले आणि गटारे बांधणाऱ्यांच्या मनात कुलाबा राहिला. पाणी आणणारे आणि पाणी घालविणारे यांची गाठ क्वचितच पडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाऊस पडतो कसा? ढग म्हणजे पाण्याचे अत्यंत सूक्ष्म बिंदू. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, आणि ते इतके हलके की हवेत तरंगत राहतात. पावसाचा मध्यमसा थेंब दोन मिलिमीटरांचा. म्हणजे असे दहा लक्ष बिंदू एकत्र आल्यावाचून एक थेंब होत नाही. हे दहा लक्ष एकत्र येतात तरी कसे, हा प्रश्न वाटतो त्याहून कठीण आहे. केवळ वाफ त्यावर थिजत राहून थेंब मोठा व्हावयास फार वेळ लागतो, आणि पाऊस तर ढग भरून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पडताना आपण पाहतो.

उत्तराचा एक धागा १९११ मध्ये जर्मनीच्या आल्फ्रेड व्हेगेनर यांनी दाखविला. खंडे सरकतात हा सिद्धान्त मांडणारे तेच व्हेगेनर. बर्फाचा कण आणि अतिशीत पाण्याचे बिंदू शेजारी असले तर बिंदूंची वाफ होते आणि ती बर्फावर जाऊन बसते. बिंदू झिजतात, बर्फ वाढते. हा धागा पुढे नेला तोर बर्गेरॉन या स्वीडिश शास्त्रज्ञाने. १९२२ साली ओस्लोजवळच्या डोंगरावरील देवदारांच्या वनात फिरताना त्यांच्या ध्यानात आले की हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली गेली की धुके झाडांमधल्या वाटेवर उतरत नाही. फांद्यांवरचे हिम ते खाऊन टाकते. जे वनात घडते तेच ढगात घडत असले पाहिजे. १९३३ साली लिस्बनच्या परिषदेत त्यांनी हा विचार मांडला, आणि पुढे जर्मनीच्या फिन्डायझन यांनी तो अधिक पक्का केला. थोडक्यात त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या थेंबांचा पाऊस मुळात हिम असतो. खाली येताना वितळला म्हणून आपण त्याला पाऊस म्हणतो.

उष्ण कटिबंधातील लोकांस हे ऐकून हसू येणे साहजिक होते, आणि ते अगदीच अनाठायी नव्हते. ज्या ढगांचा माथा गोठणाऱ्या उंचीपर्यंत पोहोचतच नाही अशा ढगांतूनही आपल्याकडे पाऊस पडतो. समुद्राच्या फेसातून उडालेले मिठाचे कण हवेत असतात. त्यांच्याभोवती काही बिंदू इतरांहून मोठे होतात, मोठे म्हणून वेगाने पडतात, वाटेतल्या लहानांना गिळत जातात. श्रावणात ऊन असताना जी सर येऊन जाते, घाटावर दिवसभर जी भुरभुर चालते, ती बहुधा या जातीची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने, जी १९६२ साली स्थापन झाली, बारामतीच्या परिसरात १९७३ पासून सुमारे बारा-तेरा वर्षांच्या काळात अशा उष्ण ढगांवर मीठ फवारण्याचे प्रयोग केले, ते याच तत्त्वावर.

तेव्हा कोणाचे खरे? दोघांचेही. जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैत जेव्हा ढग दहा-बारा किलोमीटर वर चढतात आणि सबंध आकाश काळेभोर होऊन तासन्‌तास धार लागते, तेव्हा वरचा अर्धा ढग बर्फाचा असतो. पावसाळ्यात मुंबईवर गोठणाऱ्या तापमानाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरांवर असते. तिच्या वरून हिमाचे पुंजके सावकाश उतरतात, पातळी ओलांडली की कडांनी वितळू लागतात, आणि तीनचारशे मीटरांच्या पट्ट्यात अर्धे हिम, अर्धे पाणी अशा अवस्थेत असतात. हेच ते स्लीट. रडारचे किरण या पट्ट्यावर पडले की विशेष जोराने परततात, कारण पाण्याचे अस्तर चढलेला हिमपुंज त्यांना प्रचंड थेंबासारखा भासतो. रडारच्या पडद्यावर तेथे एक उजळ कडा दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कडा शास्त्रज्ञांच्या चांगल्या परिचयाची झाली, आणि बर्गेरॉन यांच्या कल्पनेला डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा मिळाला. तेथून निघालेला थेंब सेकंदाला सातआठ मीटर वेगाने येतो. म्हणजे अंधेरीच्या फलाटावर छत्रीवर आपटणारा टपोरा थेंब दहा-पंधरा मिनिटांपूर्वी हिम होता. जाता जाता हेही सांगावयास हवे, की तो चित्रकार काढतात तसा टोकदार शेपटीचा नसतो. लहान थेंब गोल असतो, मोठा खालून चपटा होतो, आणि पाच-सहा मिलिमीटरांच्या पुढे गेला की फुटतो.

मग गारा मुंबईत का पडत नाहीत? गार व्हावयास ढगात वर उसळणारा वारा फार जोरकस लागतो, जो तिला उचलून धरील आणि थरावर थर चढू देईल. पावसाळी ढगातला उसळता वारा बेताचा असतो. त्यात तयार होणारे गोठलेले कण बारीक असतात आणि पाच किलोमीटरांच्या ओल्या, उबदार हवेतून येताना विरघळून जातात. माघ-फाल्गुनात मराठवाड्यात आणि विदर्भात गोठण पातळी अधिक खाली असते, मधली हवा कोरडी असते, ढग एकदम उंच उसळतात. म्हणून तेथे गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षबागा जिने झोपविल्या ती याच प्रकारची. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात जी पांढरी चादर दिसते आणि वर्तमानपत्रे जिला ‘हिमवर्षाव’ म्हणून छापून मोकळी होतात, ती मात्र वरून पडलेली नसते. ते जागच्या जागी गोठलेले दहिवर असते.

न पोहोचलेली गारही आपला हिशेब चुकता करते, हे विसरू नये. वळवाच्या ढगातून बर्फ आणि थेंब पडताना खालच्या कोरड्या हवेत वितळतात, सुकतात आणि ती हवा थंड करतात. थंड हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर सर्व दिशांनी फुटते. वळवाआधीचा धुळीचा लोट तो हाच. १३ मे २०२४ रोजी अशाच वादळी वाऱ्यात घाटकोपर येथे जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे मेली. वारा वळवाचा होता आणि फलक माणसांचा.

आता २६ जुलै २००५. विमानांच्या गरजेने सांताक्रूझला वेधशाळा झाली होती, म्हणून त्या दिवसाचे दोन आकडे उपलब्ध आहेत. पाऊस मोजण्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. त्या चोवीस तासांत कुलाब्यास ७३ मिलिमीटर पाऊस झाला. आषाढातला एक साधा दिवस. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला. विहार तलावावर हजाराच्याही वर गेला. दोन वेधशाळांमधले अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. सांताक्रूझच्या पावसाचा बहुतेक भाग दुपार ते रात्र एवढ्या वेळात पडला, आणि भरतीही दुपारीच होती. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरास एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरांच्या अंगणात त्या दिवशी चौऱ्याण्णव हजार लिटरांवर पाणी आले. विहार आणि पवई यांच्या सांडव्यावरून जिचा उगम होतो ती मिठी नदी भराव आणि बांधकामे यांनी आवळली गेली होती. तिने आपली जुनी जागा परत घेतली. साकीनाक्यास दरड कोसळून वस्ती गाडली गेली. मुंबईत चारशेहून अधिक माणसे मेली. दक्षिण मुंबईच्या कचेऱ्यांत बसलेल्या लोकांना संध्याकाळपर्यंत काय घडले आहे याची कल्पना नव्हती, कारण त्यांच्या खिडकीबाहेर तो पाऊस नव्हताच.

उलट उदाहरणही आहे, आणि ते सांगितले नाही तर कुलाब्यावर अन्याय होईल. ५ जुलै १९७४ रोजी कुलाब्यास एका दिवसात ५७५.६ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा उपनगरे नेहमीच अधिक भिजतात असे नाही; एका पात्रावरून दुसऱ्या जागेचे सांगता येत नाही, एवढेच खरे. जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने, तेही ओहोटी धरून, बांधलेली होती. कागदावर चोवीस गुणिले पंचवीस सहाशे होतात, म्हणजे १९७४ चा तो दिवससुद्धा त्यात मावतो. पाऊस असा तासातासाला समान वाटून घेऊन पडत नाही, ही अडचण. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरांवर न्यावी असे सुचविले होते. त्या शिफारशीस बारा वर्षे झाली तेव्हा २६ जुलै उजाडला आणि बरेचसे काम व्हावयाचेच होते.

त्या प्रलयाच्या दिवशी मुंबईला डॉप्लर रडार नव्हते. ढग उपनगरांवर ठाण मांडून बसला आहे, हे घडत असताना दाखविणारे साधन नव्हते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने पुढे या सर्वाची तपासणी केली. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले, जे दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवितात. कुलाब्यास डॉप्लर रडार आले. आणि १४ जानेवारी २०२२ रोजी दुसरे रडार सुरू झाले ते अंधेरी-जोगेश्वरीच्या वेरावली टेकडीवर, जेथून विहारचे डोंगर हाकेच्या अंतरावर आहेत.

आता वर्तमानपत्रांत पावसाचे दोन आकडे येतात, कुलाबा आणि सांताक्रूझ, आणि जोराच्या दिवशी मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, अंधेरी यांचे निराळे. आपल्या विभागाचा आकडा वाचून लोक पुढचे पान उलटतात. बोरिवलीच्या डोंगरावर कान्हेरीची टाकी अजून पावसाळ्यात भरतात; तिच्या कातळी चरांतून पाणी उतरते ते त्याच मार्गाने, आणि त्यातले निम्मेशिम्मे तरी घटकाभरापूर्वी पाच किलोमीटर उंचीवर हिम असते.